जानकू पैलवानाचा भाव

"पाच हजारांत मी लंगोट बांधत न्हाई," जानकू पैलवानानं पंचांना तोंडावर सांगितलं आणि शर्टाची बटणं परत लावायला घेतली.

लोणीच्या जत्रेतली शेवटची कुस्ती लागायची होती. समोर येडगावचा बिरदेव केव्हाचा शड्डू ठोकून उभा होता. मेंढपाळाचं विशीतलं पोर, जानकूशी एकदा तरी लढायचंच म्हणून हटून बसलेलं.

"अरे राव, कुस्तीची काही हौस हाय का न्हाई तुला?" चिमाजी पंच चिडले.

"हौसेवर खुराक मिळतो व्हय? माझा भाव पंधरा हजार. परवडत नसंल तर नारळावर लढणारा बघा!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. जानकूनं कुणाची भीडभाड ठेवली नाही. गुडघा आताशा कुरकुरत होता, आणि तो गेल्यावर हे शिट्ट्या मारणारे काही त्याला भाकरी घालणार नव्हते.

तिकडं बिरदेव चिमाजींना बाजूला घेऊन काहीतरी विनवत होता. थोड्या वेळानं लाउडस्पीकरवर पुकारा झाला. पंधरा हजार मिळाले होते, पण देणाऱ्याला आपलं नाव पुकारलेलं नको होतं. असेल एखादा कांद्याचा व्यापारी, जानकूला वाटलं. पैसा उडवायला हौशी माणसाला जत्राच लागते.

पोरगं सोपं नव्हतं. पट काढला की निसटायचं, मान दाबली की उसळून वर यायचं. जानकूला घाम फुटला. यानं पाडलं तर उद्यापासून कोण देणार होतं पंधरा हजार? गर्दी तर बिरदेवच्याच नावानं ओरडत होती. त्या रागातच जानकूनं ढाक मारली आणि बिरदेवची पाठ मातीला लावली.

"वरडा की आता!" तो गर्दीकडं बघून गरजला.

चिमाजींनी त्याला फेटा बांधला. इनाम देणाऱ्यानं स्वतः आखाड्यात उतरून ते जिंकणाऱ्याच्या हातात ठेवायचं, ही लोणीची रीत.

"या, या आता," चिमाजी म्हणाले.

जानकूनं व्यापाऱ्यांच्या खुर्च्यांकडं पाहिलं. कुणीच उठलं नाही.

बिरदेव पाठीची माती न झटकताच पुढं आला. कडेला ठेवलेल्या सदऱ्यातून त्यानं एक पुडकं काढलं आणि जानकूच्या हातात ठेवलं.

"मोजून घ्या, दादा," तो म्हणाला. "आन् पुढच्या सालचा भाव आत्ताच सांगून ठेवा. अजून मेंढरं हायती माझ्याकडं."