जिन्यावरची बाई

“आता कुठं पोचली ती?” बायकोनं विचारलं.

“जिन्याशी,” स्टेनो म्हणाला. “वर बघतेय. हातात पिस्तूल आहे.”

भर दुपारी पडदे ओढून दोघं टीव्हीसमोर बसली होती. पडदे त्याच्यासाठी होते. तिला गेली पंधरा वर्षं काहीच दिसत नव्हतं. तो कोर्टात लघुलेखक होता आणि निवृत्त होऊन जमाना झाला, तरी इमारतीत त्याला अजून स्टेनोच म्हणत. दर बुधवारी एखादा जुना, काळापांढरा गुन्हेगारी सिनेमा लावायचा आणि त्यानं तिला तो सांगायचा, हा त्या घरचा शिरस्ता. सिनेमातली भाषा परकी. तो पडद्यावर खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी वाचून दाखवी आणि चित्रही सांगे. कुणी सिगारेट पेटवली, कुणाची सावली दारावर पडली, सगळं.

मुलगी फोनवर वैतागायची. “आई, त्यात शेवटी सगळे मरतात नाहीतर तुरुंगात जातात. जरा हसतंखेळतं काही लावा की!”

“त्यात नुसता लखलखाट असतो गं,” ती म्हणायची. “बाबा सांगून सांगून दमतात. यात अर्धा पडदा काळाच असतो. त्यांनाही धड दिसत नाही आणि मलाही. आम्ही दोघं बरोबरीचे.”

घरात असे सहा सिनेमे होते, पण तिची फर्माईश बहुतेक याचीच असे. वकिलाच्या कचेरीतली एक टायपिस्ट नको त्या माणसाच्या प्रेमात पडते. त्याच्यासाठी खोटी साक्ष देते आणि मग पाय खोलातच जातो. शेवटी पोलीस दाराशी येतात, ती जिन्यावर असते आणि गोळी सुटते. ती तिला लागते. सिनेमा तिथंच संपतो.

स्टेनोनं मात्र हा शेवट बायकोला कधीच सांगितला नव्हता. पहिल्यांदा लावला तेव्हा तिचे डोळे जाऊन दोनच महिने झाले होते. दिवसदिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. मोठ्या मिनतवारीनं त्या दिवशी उठून बसली होती. गोळीचा आवाज झाला तशी तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं. “लागली?” तिनं विचारलं. “नाही,” त्याच्या तोंडून निघून गेलं. “दिव्याला लागली. अंधार झालाय. ती मागच्या दारानं निसटली.” त्या संध्याकाळी तिनं कितीतरी दिवसांनी आपणहून चहा मागितला.

कोर्टात त्यानं चाळीस वर्षं जे बोललं गेलं तेच उतरवलं. एक अक्षर कधी इकडचं तिकडं केलं नाही. घरी मात्र दर वेळी निकाल फिरवला. त्या बाईला त्यानं कधी आगगाडीत बसवून दिलं, कधी बोटीत. एकदा तर लांबच्या गावी टायपिस्टची नोकरीही लावून दिली, आणि मालक सज्जन आहे असंही सांगून टाकलं.

आज तो थकला होता. हयातीचा दाखला देऊन येतो, असं सांगून सकाळी तो इस्पितळात गेला होता. डॉक्टर तरुण होते. रिपोर्टकडे बघतच बोलत राहिले. फार तर तीन महिने, म्हणाले. मरणाचं स्टेनोला तितकं काही वाटलं नाही. पण दूध उतू चाललंय, रस्ता आता मोकळा आहे, हे आपल्यामागे हिला कोण सांगणार, हा विचार त्याला सोडेना. रिपोर्टची घडी करून त्यानं खिशात ठेवली. हिला सांगायचं नाही, निदान इतक्यात नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. लिफ्ट बंद होती. तीन मजले चढताना तो प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकून उभा राहिला.

“मोठी रांग होती का हो?” दार उघडताना बायकोनं विचारलं होतं.

“हो ना. फार मोठी.”

टीव्हीवर गोळी सुटली.

“लागली?” तिनं नेहमीसारखं विचारलं.

“लागली,” स्टेनो म्हणाला. “पोटात. कठडा धरायला बघतेय, पण हात निसटतोय. पडली. आता हलत नाहीये.”

कोर्टात जबानी वाचून दाखवायचा, त्याच सपाट आवाजात तो बोलला. संगीत वाढलं, पडद्यावर नावं सरकू लागली. मग कुठं आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं.

“नाही, थांब. अंधार आहे गं, मला नीट दिसलं नाही...”

“राहू द्या,” बायको म्हणाली. “लग्नाआधी ताईबरोबर दोनदा पाहिलाय मी हा सिनेमा. ती मरते. ठाऊक आहे मला.”

स्टेनो तिच्याकडे वळला. “मग इतकी वर्षं मला का...”

“तुम्ही तिला कसं वाचवता ते ऐकायचं असायचं मला.” तिनं चाचपडत त्याचा हात शोधला आणि आपल्या मांडीवर घेतला. संगीत थांबलं.

“कितीही दमलेले असा, तिला कधी मरू दिलं नाहीत,” ती म्हणाली. “आज दिलंत. डॉक्टर काय म्हणाले?”