मोठी बेरीज

पडद्यावर 'पास' उमटलं आणि ऑपरेटरचा जीव भांड्यात पडला. तपासनीस बाईंच्या कपाळावर मात्र आठी चढली.

"इतक्या पटकन?"

"पास ते पास, मॅडम! जुनं असलं तरी मशीन खणखणीत आहे आमचं."

त्याची ही घाईच बाईंना खटकत होती. सकाळपासून चहा काय, पंखा काय, नुसता पुढेपुढे करत होता. शेवटी त्यानेच सांगून टाकलं. त्याच्या बायकोच्या गाठीला याच मशीनवर किरणं देणं चालू होतं. उद्या पुन्हा तिची पाळी. मशीन नापास झालं तर आजच बंद होणार, मग दुसरं आणायचं कुठून?

बाईंना वाईट वाटलं, पण संशय काही पिच्छा सोडेना. दिलेल्या किरणांची बेरीज ठेवायला नव्या प्रोग्रॅमला भलामोठा आकडा लागतो. महिन्यापूर्वी तो या मशीनच्या म्हाताऱ्या संगणकावर चढवला, तेव्हाही हीच चाचणी पास झाली होती. याला एवढा आकडा पेलतो कसा? त्यांनी चाचणीचा सी भाषेतला कोड उघडून ओळ न् ओळ वाचली आणि त्या चरकल्याच.

"अहो, ही बेरीज या संगणकानं केलीच नाही! आकडे चाचणीतच लिहिलेत. आमच्या ऑफिसातल्या नव्या संगणकानं चाचणी तयार करतानाच उत्तर काढून ठेवलं, यानं नुसतं वाचून दाखवलं. परीक्षेला बसला हा आणि पेपर लिहिला भलत्यानंच!"

"मग आता?"

"आता आकडे मी हाताने घालते. बघू, स्वतः काय दिवे लावतो."

त्यांनी दोन मोठे आकडे टाइप केले. बेरीज आली, ती दोन्हींपेक्षा लहान.

"एखादं बटण चुकलं असेल. परत टाका ना." ऑपरेटर म्हणाला.

परत तेच.

"आकडा फार मोठा झाला की हा वरचा भाग टाकूनच देतो," बाई म्हणाल्या. "किरणं गेलेली असतात जास्त, दाखवतो कमी."

ऑपरेटर पडद्यावरच्या आकड्याकडे बघत म्हणाला, "परवा हीच बेरीज बघून डॉक्टर म्हणाले, हिला अजून फारसं काही गेलेलंच नाही. म्हणून तर मात्रा वाढवली."

 बाईंनी हात लांब करून मशीन बंद केलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायकोचा आवाज बाईंनाही स्वच्छ ऐकू आला.

"अहो, झालं का पास?"

"नाही गं."

"अरे देवा! मग माझे राहिलेले डोस आता कुठे घ्यायचे हो?"