कानबाईचा रोट

सुलक्षणा पुन्हा उठून माहेरच्या ओट्यावर गेली आणि तशीच परत आली. आत कानबाई देवीसमोर सगळी भावकी तिच्या प्रसादाचा रोट खायला पंगतीत बसली होती. चुलते, चुलतभाऊ, त्यांच्या बायका-पोरी. एवढी माणसं वर्षातून एकदाच एका छपराखाली सापडायची. सकाळी कानबाई विसर्जनाला नदीवर गेली की सगळे पांगणार. आणि बुधवारी धुळ्याला सुलक्षणाचं ऑपरेशन.

गाठ कुठेच नव्हती. गाठ होऊ नये म्हणूनच दोन्ही अंडाशयं काढायची होती. रक्ताच्या तपासणीत पिढीजात दोष निघाला होता. एका आत्याला छातीचा कॅन्सर झाला, दुसरीला पोटातला, हे ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हे वडिलांकडून आलेलं दिसतं, माहेरी सगळ्यांना सांगा.

वडील, म्हणजे नाना, ऐकतील तर शपथ. बहिणी लग्न होऊन गेल्या, त्यांची दुखणी त्यांच्या सासरची, असा त्यांचा हिशेब. शिवाय नात दिपमालाची, सुलक्षणाच्या भावाच्या मुलीची, सोयरीक चाळीसगावला जमत आलेली. भाऊबंदांत चकार शब्द काढायचा नाही, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. सुलक्षणाला त्यांचा राग येत होता, आणि धाकही वाटत होता. दिपमालाकडे तर बघवत नव्हतं. पोरगी हसत हसत खीर वाढत होती.

सासरी गेलेल्या लेकीला हा रोट चालत नाही. तिचं कुळ बदललेलं असतं. सुलक्षणाचं वेगळं ताट चुलीजवळ झाकून ठेवलं होतं. ती ते ओलांडून गेली, नानांसमोर बसली आणि त्यांच्या ताटातला रोट तिने मोडला.

“माय, तुले चालत नही तो,” नाना हळूच म्हणाले.

“आत्यास्लेबी चालत नव्हता, नाना. पन रगत तुमनंच व्हतं. तेच मना आंगमां शे.”

नानांनी तिच्या हातातला तुकडा काढून घेतला नाही. धाकट्या बहिणीच्या शेवटच्या दुखण्यात ते दवाखान्यात तिच्या पायथ्याशी बसून असत. मग दोन्ही बहिणींचं दुखणं, लेकीचं ऑपरेशन, सगळं त्यांनी पंगतीला सांगून टाकलं आणि उरलेला रोट उचलून धरला.

“हाऊ रोट ज्या ज्या घरमां खातस, त्या बठ्ठा घरन्या पोरीस्नं रगत तपासी ल्या,” ते म्हणाले. “आनि ज्या पोरीस्ले आपन तो देत नही, त्यास्नं पहिले.”