गुडघ्याखाली चार बोटं

पलंगावर मोज्यांचे तीन जोड मांडून ज्ञानेश मघापासून उभा होता. कमरेला हिरवा-निळा किल्ट, वर पांढरा शर्ट, खाली उघडे पाय. लग्न कॉनॉरचं, ऑफिसातल्या त्याच्या जिवलग मित्राचं. नवऱ्यासोबत उभं राहणाऱ्या चौघांनीही किल्ट घालायचा असं ठरलं होतं, आणि त्या चौघांत ज्ञानेश एक. कॉनॉरचा भाऊ गाडी घेऊन त्याला न्यायला येणार होता.

बाहेर आयर्लंडमधल्या डंडॉकच्या मानाने कडकडीत ऊन पडलं होतं. किल्ट भाड्याने देणाऱ्या दुकानाने दिलेले मोजे लोकरीचे, जाडजूड. दुसरे सुती, पातळ, पण सारखे घसरणारे. तिसरे जेमतेम घोट्यापर्यंतचे. ते घातले असते तर लग्नाऐवजी शाळेच्या स्नेहसंमेलनाला निघाल्यासारखा दिसला असता. "काहीही घाल रे, यू विल बी ग्रँड," असं कॉनॉरने फोनवर सांगून टाकलं होतं. एरवी ज्ञानेशनेही हातात येईल तो जोड चढवला असता. आज मात्र मोज्यांवरून त्याची नजर हलत नव्हती. हलली असती, तर ती उशाशी पालथ्या ठेवलेल्या फोनवर गेली असती.

फोनवर निमिषचा, नागपूरच्या उपेंद्रकाकांच्या मुलाचा मेसेज होता. 'दादा, बाबा गेले. हार्ट अटॅक. पाचला नेणार आहोत. मोठ्या काकांना सांग, व्हिडिओवर तरी शेवटचं बघतील.'

मोठे काका म्हणजे ज्ञानेशचे वडील, मोरेश्वरराव. उन्हाळ्यापुरते ते लेकाकडे राहायला आले होते आणि त्यांना अजून काहीच ठाऊक नव्हतं. सांगितलं की सुतक लागलं, आणि सुतक लागलं की लग्न हुकलं. रात्री परत आल्यावर सांगू, काही तासांनी काय बिघडतं, अशी ज्ञानेशने स्वतःची समजूत घातली होती. घालताना त्याला स्वतःचीच लाज वाटली होती.

"काय करून राहिला रे इतका वेळ?" चहाचा कप घेऊन मोरेश्वरराव दारात आले आणि त्याला बघून खळखळून हसले. "बाप्पा! लेकाला घागरा नेसवला की गोऱ्यांनी!"

"किल्ट आहे बाबा. मोजे ठरत नाहीयेत. लोकरीचे घातले तर उकडून मरेन." मरेन म्हणताना त्याची जीभ अडखळली. "सुती घसरतात."

"सुतीच घाल. आतून इलॅस्टिक लावायचं अन् वरून घडी पाडायची. बस, दाखवतो."

ज्ञानेश पलंगाच्या कडेला बसला. गुडघ्यांवर हात टेकत म्हातारा खाली जमिनीवर बसला. लेकाचा पाय त्याने मांडीवर घेतला आणि सुती मोजा चढवला.

"शाळेच्या फुटबॉल टीमात होतो ना मी अन् उपेंद्र. लांब मोज्यांचा जोड घरात एकच. पहिल्या हाफला मी, दुसऱ्या हाफला तो. माझ्या घामानं ओले झालेले घालायचा बिचारा. पण घडी अशी पाडायचा, की मास्तर बघत राहत. गुडघ्याखाली चार बोटं. बस."

त्यांनी चार बोटं आडवी धरून माप घेतलं. ज्ञानेशला पाय ओढून घ्यावासा वाटला. बापाने आपल्या पायांना हात लावायचा, आणि तोही आज. मोरेश्वररावांनी दुसरा मोजा चढवला, मग दुकानाचे काळे बूट घालून त्यांच्या लांब नाड्या नडगीभोवती गुंडाळून बांधल्या. मागे सरकून त्यांनी आपलं काम निरखलं.

"उपेंद्रला व्हिडिओ लाव. बघू दे त्यालाही."

"आत्ता नको," ज्ञानेश म्हणाला. "झोपले असतील काका."

मोरेश्वररावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तिकडची वेळ काढली. "हो, साडेतीन झाले की. जेवून पडला असेल. झोपमोड केली की दिवसभर कावतो माझ्यावर." ते उठत म्हणाले, "उद्या सकाळी लावू. फक्त मोजे जपून ठेव, धुवायला टाकू नको. त्यानं बघितल्याशिवाय घडी मोडायची नाही."

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

ज्ञानेश उठला, आणि पुन्हा पलंगावर बसला. वाकून त्याने नाडी सोडली. एक बूट काढला, मग दुसरा. मग मोज्याची घडी उलगडायला लागला.

"काहून रे?" मोरेश्वरराव पुन्हा त्याच्यासमोर खाली बसले. "घट्ट बांधली का मी?"