झेंडा उभा आहे तोवर

"जागा अशी दिलीय की सगळा धूर नेमका माझ्याच डोळ्यांत," बाबा पुटपुटले.

"मग रडा की," ताई त्यांच्या कानाशी लागून म्हणाली. "रडत रडत सांगा, म्हणजे आईला दया येईल."

"तूच सांग ना."

"ठरलंय बाबा. झेंडा आडवा झाला की तुम्ही बोलायचं."

टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी होती आणि तिच्याशेजारी बोटभर उंचीचा लाल झेंडा. झेंडा उभा आहे तोवर वाढपी भाजलेल्या सळ्या आणत राहणार. चिकन, मासे, बटाटे, मक्याची कणसं. पोट भरलं की झेंडा आडवा करायचा, असा इथला रिवाज.

आई हात धुऊन आली आणि दोघं गप्प झाले. धाकटा तर आधीपासूनच गप्प होता, कारण त्याचं तोंड भरलेलं होतं.

थंडीत आईला मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून तिच्या हाताची चव बिघडली होती. रोज नाही, पण शुक्रवारची भाजी हमखास खारट. आठवडाभर राबून जीभसुद्धा दमते, असं बाबांचं म्हणणं. पहिल्या शुक्रवारी धाकट्याने तोंड वाकडं केलं, तेव्हा बाबांनी टेबलाखालून त्याला लाथ हाणली आणि वर "वा!" म्हणाले. ती उरलेली पातेलंभर भाजी शनिवारी पुन्हा पानात येऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांना इथे आणलं, जरा बदल म्हणून. असे सहा शनिवार झाले. आजचा सातवा.

स्वयंपाकघर म्हणजे हिचं राज्य, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला तीस वर्षं अभिमानाने सांगत आले होते. आता तेच राज्य काढून घ्यायचं होतं. ताईने स्वयंपाकाला एक मावशी ठरवून टाकल्या होत्या. त्या परवा सकाळी सातला दारात उभ्या राहणार, म्हणून आज सांगणं भाग होतं. बाबांना भीती एकच: ही खचली तर?

आई मात्र मजेत होती. कानात ठेवणीतले डूल घालून आली होती. कणीस चारी बाजूंनी फिरवून नीट खात होती.

"माशाला मीठ किंचित कमी पडलंय, नाही?" ती म्हणाली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मासा चाखून कुणीच बघितला नाही.

"हो हो, कमीच आहे," बाबा घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी वाढप्याला हाक मारली. "अजून बटाटे आणा हो!"

ताईने कोपराने झेंडा आडवा केला. बाबांनी तो उचलून उभा केला. "पंखा फार जोरात आहे इथला."

बटाटे आले, मग चिकन आलं. ताईने पुन्हा झेंडा पाडला, बाबांनी पुन्हा उभा केला.

"अहो, किती खाताय?" आई म्हणाली. "घरी तर दोन घासांत हात धुता."

"इथली हवा मानवते मला."

धाकट्याने पट्टा दोन भोकं सैल केला होता. पुढची सळई दुरून येताना दिसली, तसा त्याने झेंडा आडवा करून वर पंजाच ठेवला.

"बास! आई, बाबांना तुला काहीतरी सांगायचंय."

"मला?" बाबांनी ग्लास तोंडाला लावला. त्यात पाणी नव्हतं, तरी प्यायले. "अगं, म्हणजे... तुझी तब्येत. दगदग फार होते ना..."

"बाबा, मुद्द्यावर या," ताई म्हणाली.

"येतोय ना! तर, दगदग झाली की कसं होतं..."

"आई, तुझ्या हाताची चव गेलीय!" धाकटा एका दमात म्हणाला. "सगळं खारट होतं. परवापासून ताईने स्वयंपाकाला मावशी ठरवल्यात. सुटलो!"

शेगडीत एक निखारा फुटला. आईने कागदाने एकेक बोट पुसलं. बाबांनी तिचा हात हातात घेतला.

"तुला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस बोललो नाही गं."

"परवापासून नक्की?" आईने विचारलं.

"नक्की," ताई अडखळत म्हणाली.

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

आई खुर्चीत मागे रेलली आणि पाय लांब करून बसली.

"बरं झालं बाई, बोललात एकदाचे. पहिल्या शुक्रवारी दोन चमचे जास्त घातलं, काल तर अख्खी वाटी ओतली. अजून किती मीठ घालायचं माणसाने?"