पाळण्याचा आकडा

"भांडायचं तर पोटभर भांडा, पण जिथलं भांडण तिथेच ठेवून या. उंबऱ्याच्या आत आकडे आणायचे नाहीत."

आईंचे हे शब्द मनात घोळवत, क्षणभर हात जोडून, बाईंनी फोन उचलला. सगळी कचेरी कान टवकारून बसली.

पुलाच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा. दोन्ही टोकांना कस्टमची कचेरी. इकडून काय गेलं ते बाई मांडायच्या, तिकडे काय पोचलं ते पलीकडचे अधिकारी. माल तोच, पूल तोच, तेव्हा आकडाही तोच यायला हवा. तो कधीच येत नसे. मग वर्षअखेरीला दोघं फोनवरून एकमेकांच्या चुका काढत बसायची.

यंदा मात्र प्रकरण तापलं होतं. जगातल्या सगळ्या देशांची आयात एकाखाली एक मांडणारा तक्ता निघायचा होता, आणि कच्च्या तक्त्यात शेजारी देश आपल्या बरोब्बर एक पायरी वर बसला होता. गेल्याच आठवड्यात रुजू झालेल्या नव्या साहेबांना ती पायरी झोपू देत नव्हती.

"आयात फुगवतोय तो माणूस," साहेब येरझारा घालत म्हणाले आणि कोपऱ्यातल्या भल्यामोठ्या काळ्या छत्रीला अडखळले. "कुणाची ही छत्री? हं, तर मी तक्रार तयार ठेवली आहे. आज संध्याकाळी पाठवतो. त्यांच्या राजधानीत पोचली की उचलबांगडी, थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला!"

बाईंनी रिसीव्हरवर हात ठेवला. "संध्याकाळपर्यंत थांबा, साहेब. माणूस हट्टी आहे, खोटा नाही."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"इतकी वर्षं भांडतेय ना."

टायपिस्टनं खोकल्याची उबळ आल्यासारखा रुमाल तोंडाशी नेला.

"बोला बाई," पलीकडून घोगरा आवाज आला.

"घशाला काय झालं?"

"सकाळी पुलावर भिजलो. छत्री कुणी पळवली, देव जाणे."

"गरम पाणी प्या. आणि यंत्रांच्या रकान्यात काय घुसडलंय ते सांगा."

"घुसडलं काही नाही. आकाशपाळणा आहे. अख्खा. तुमच्याकडूनच आला, पुलावरून, पाच ट्रक भरून."

"अहो, तो खेळ दाखवायला गेलाय! खेळ संपला की परत येणार. असा माल आयातीत धरत नाहीत, हे मी सांगायला हवं का? घरी पाहुणा आला म्हणून दारावरच्या पाटीत कुणी त्याचं नाव लिहितं?"

"पाहुणा परत गेला तर ना! तुमचा पाहुणा इथेच मुक्काम ठोकून बसलाय."

पाळणा तिथेच आहे, हे बाईंनाही ठाऊक होतं. पण कचेरीत नुसतं ठाऊक असून भागत नाही.

"कितीही दिवस राहू दे, पाहुणा तो पाहुणाच. नाहीतर कागद दाखवा."

"दाखवतो. जेवून घ्या आधी. भूक लागली की तुमचा आवाज चढतो."

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी डबा उघडून तसाच समोर ठेवला. एका चुकीच्या तक्रारीनं एका सरळ माणसाचं बिऱ्हाड उठणार होतं. टायपिस्टनं त्यांच्या भाजीतला एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि मिठाची डबी पुढे सरकवली. "बाई, आज लक्ष कुठे होतं?"

दुपार कलली. साहेब तक्रारीवर सही करायला बसले, तेवढ्यात फोन वाजला.

"सापडला कागद! एकतर आज डबा अळणी, त्यात तुमच्यापायी अख्खं कपाट उपसलं. पाळण्याच्या मालकानं पाळणा इथेच विकून टाकलाय. रीतसर. आता बोला, पाहुणा कसला? घरजावई झालाय तो!"

टायपिस्ट पडलेली टाचणी शोधायला टेबलाखाली वाकली, ती बराच वेळ वर आली नाही.

कागदाची प्रत आली. बाईंनी ती दोनदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"साहेब, त्यांचा आकडा बरोबर आहे. पाळणा तिथे विकला गेला, तेव्हा आपण तो निर्यातीत धरायला हवा होता. चूक माझी."

"म्हणजे ते वरच राहणार?" साहेबांचा चेहरा उतरला.

"राहू देत. वर चढलेत ते आपल्याच पाळण्यात बसून."

साहेब खो खो हसले. त्यांनी तक्रार फाडून टोपलीत टाकली. "पण काय चिवट माणूस हो! कचेरीत असा, तर घरी कसा वागत असेल? मला तर त्याच्या बायकोची दया येते."

सगळ्या कचेरीनं एकदम फायलींत डोकी खुपसली. टायपिस्ट तोंडावर रुमाल दाबून बाहेर पळाली.

"येते मी, साहेब," बाई हळूच म्हणाल्या. कोपऱ्यातली काळी छत्री घेऊन त्या पायऱ्या उतरल्या.

बाहेर भुरभुर चालू होती. पुलाच्या मध्यावर, दोन देशांमधल्या रेघेपाशी, गळ्याला मफलर गुंडाळून पलीकडचे अधिकारी उभे होते.

"धरा तुमची छत्री," बाई म्हणाल्या. "सकाळच्या घाईत माझ्याच हाती आली. आणि भाजीत मीठ घालायलाही विसरले."

"आणि रविवारी पाळण्यात डोळे घट्ट मिटून बसलीस," ते म्हणाले, "म्हणून खाली लावलेली नव्या मालकाची पाटी दिसली नाही तुला."

"काय बोलायचंय ते पूल संपेपर्यंत बोलून घ्या," बाई छत्रीखाली शिरत म्हणाल्या. "पुढे एक अक्षर नाही. तुमच्या आईंना शब्द दिलाय मी."