एर्सांदचा होकार

धर्मयुद्धाची शपथ घेऊन खांद्यावर क्रूस शिवून घेण्यात गिबेरचा सगळा फायदाच होता. जन्मभराची पापं माफ. गुत्त्यात वाइन फुकट. गढीवरच्या सरदाराने वर्षानुवर्षं गिबेरने बनवलेली पिंपं वापरली होती, पण त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता तो घोडा थांबवून मान हलवायचा. आणि एवढं सगळं मिळवून जेरुसलेमच्या लढाईला जायचंही नव्हतं. लग्न झालेल्या माणसाची शपथ बायको हो म्हणाली तरच पक्की, असा धर्माचा नियमच होता. बर्गंडीतल्या त्या गावात याआधी चार नवऱ्यांनी छाती पुढे काढून शपथ घेतली होती, आणि चौघांच्याही बायकांनी चर्चच्या दारात रडून त्यांना घरी नेलं होतं. मान राहिला, मानही राहिली.

आज एर्सांदची पाळी होती. वाटेत गिबेर तिला शिकवत होता.

"आधी नुसता हुंदका दे. मग माझे पाय धर. आणि नाक शिंकरू नकोस बाई, सरदार असणारे तिथं."

"पाद्रीबाबांनी नाही ऐकलं तर?"

"ऐकतात गं. मी सांगूनच ठेवलंय त्यांना, हिनं मला नाही सोडलं तर माझ्या जागी मिलों जाईल. अगं, अशी काय बघतेस? बोलावं लागतं तसं. त्याशिवाय खरं कसं वाटणार?"

एर्सांद चालत राहिली. मिलों त्यांचा एकुलता एक मुलगा. मिसरूड फुटलेलं, लग्न व्हायचं होतं. त्याला न्यायला कुणाच्या होकाराची गरज नव्हती. आता आपल्याला रडू येईल, असं तिला वाटलं. आलं नाही. हात आपले नसल्यासारखे दोन्ही बाजूंना लोंबत होते. एक माणूस तिला लग्नात मिळाला होता, एक तिने जन्माला घातला होता. चर्चचं दार येण्याआधीच तिचं ठरलं.

पाद्रीबाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "एर्सांद, जेरुसलेममधल्या ख्रिस्ताच्या कबरीसाठी नवऱ्याला सोडतेस?"

गिबेरने हळूच डोळा मारला.

"सोडते," ती म्हणाली. "जाऊ दे त्यांना."

क्षणभर कुणालाच कळेना. मग एकच गलका उठला. "बाई असावी तर अशी!" कुणीतरी ओरडलं. गिबेरचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "अगं, तू..." एवढंच ऐकू आलं. एर्सांदने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती गर्दीत मिलोंला शोधत होती. तो आहे, एवढंच तिला पाहायचं होतं.

तो गर्दीतून वाट काढत पुढेच येत होता. जेरुसलेमला जाणारच, ही बापाची गुत्त्यातली बडबड अख्ख्या गावात त्या एकट्यानेच खरी मानली होती. पाद्रीबाबांसमोर त्याने गुडघे टेकले.

"मलाही द्या क्रूस. बाबा एकटे कसे जातील? साधा जोडा शिवता येत नाही त्यांना."

लोक कौतुकाने हसले. एर्सांदने तोंड उघडलं. पण आईला विचारायचा नियम नव्हता, आणि कुणी विचारलंही नाही.

गिबेरने पोराला मिठी मारली. त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"चला," तो म्हणाला, "सोबत झाली."

दोन्ही क्रूसांचं लाल कापड चर्चने दिलं. बाकी सगळं एर्सांदने.